ग्रंथालयाचे दार कोठे असते?

२४ मार्च २०२० रोजी रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली आणि मध्यरात्रीपासून ती लागू झाली. शाळा-महाविद्यालये आधीच बंद झाली होती. एस.टी. थांबली आणि त्याबरोबर ग्रंथालयांनाही कुलूप लागले.

नांदेड जिल्ह्यातील बिलोलीचे उदाहरण घेऊ या. तेलंगणाच्या सीमेलगतचे हे तालुक्याचे गाव. येथून नांदेडजवळच्या विष्णुपुरी येथील स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात जायचे, तर सुमारे पाऊणशे किलोमीटरचा रस्ता आहे. समजा, बिलोलीतल्या एका घरात त्या वेळी तीन वाचक होते. थोरली बहीण विद्यापीठात रसायनशास्त्रात पीएच.डी. करणारी, धाकटा भाऊ एका लहान महाविद्यालयात बी.ए.च्या वर्गात आणि त्यांचा आतेभाऊ अभ्यासिकेत बसून स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा. "ग्रंथालयाच्या सेवा आता ऑनलाइन उपलब्ध आहेत," अशी सूचना त्या काळात देशभरातील विद्यापीठांनी काढली. या तिघांना त्या सूचनेचा उपयोग किती झाला असता?

उत्तर वाटते तितके सरळ नाही. ते शोधताना ऑनलाइन ग्रंथालय म्हणजे नेमके काय आणि ते कसे चालते, हेही आपल्याला समजून घ्यावे लागेल.

काय तारेवरून जाते आणि काय जात नाही?

ग्रंथालय म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पुस्तकांची कपाटे येतात. प्रत्यक्षात विद्यापीठाचे ग्रंथालय पाच वेगवेगळी कामे करते. कोणते पुस्तक कोठे आहे याची तालिका ठेवणे, पुस्तके घरी देणे, संशोधनपत्रिका पुरवणे, वाचकाला हवी ती माहिती शोधून देणे आणि बसून वाचण्यासाठी शांत जागा देणे, ही ती कामे होत.

यातील तालिका संगणकावर गेल्याला बरीच वर्षे झाली होती. माहिती शोधून देण्याचे काम ग्रंथपालांनी दूरध्वनी, ई-मेल आणि व्हॉट्सॲपवरून चालू ठेवले. संशोधनपत्रिकाही बऱ्याच अंशी कागदावरून पडद्यावर आलेल्या होत्या. पुस्तके देणे आणि बसायला जागा देणे ही दोन कामे मात्र इमारतीशीच बांधलेली राहिली.

एक लक्षात घ्यायला हवे, की ही सगळी तयारी महासाथीमुळे सुरू झालेली नाही. तिची मुळे आपल्या पुण्यात सापडतात. देशातील विद्यापीठांची ग्रंथालये संगणकाने एकमेकांना जोडावीत, म्हणून विद्यापीठ अनुदान आयोगाने १९९१ साली इन्फ्लिबनेट हा प्रकल्प हाती घेतला. डॉ. जयंत नारळीकर ज्या आयुका संस्थेचे संस्थापक संचालक होते, त्या संस्थेच्या छत्राखाली तो सुरू झाला. १९९६ साली तो स्वतंत्र केंद्र बनला. आज हे केंद्र गुजरातेत गांधीनगर येथे आहे. परदेशी संशोधनपत्रिकांची वर्गणी एकेका विद्यापीठाला परवडत नाही. तेव्हा सर्वांनी मिळून ती भरावी, ही कल्पना या केंद्रामार्फत प्रत्यक्षात आली. पीएच.डी.चे प्रबंध ज्यावर कोणालाही मोफत वाचता येतात, तो 'शोधगंगा' हा संग्रहही याच केंद्राचा. खरगपूरच्या आय.आय.टी.ने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय २०१८ साली देशाला अर्पण झाले. म्हणजे महासाथ आली तेव्हा भांडार तयार होते. प्रश्न होता तो दाराचा.

पत्ता पाहून उघडणारे दार

आपल्या उदाहरणातील थोरली बहीण विद्यापीठात असताना संगणकावर एखाद्या संशोधनपत्रिकेचे पान उघडत असे. तिला कोणी नाव विचारत नसे की पासवर्ड मागत नसे, लेख आपोआप उघडे. त्याच पत्रिकेचे पान बिलोलीतील घरी मोबाइलवर उघडले, तर लेखाचा सारांश तेवढा दिसे आणि खाली किंमत लिहिलेली असे. व्यक्ती तीच, लेख तोच, मग हा फरक कशाने पडला?

इंटरनेटला जोडलेल्या प्रत्येक यंत्राला एक क्रमांक असतो. त्याला आय.पी. पत्ता म्हणतात. आपण एखादे पान मागतो, तेव्हा ते कोणाकडे पाठवायचे हे पलीकडच्या संगणकाला या पत्त्यावरूनच कळते. विद्यापीठाला असे काही ठरावीक पत्ते मिळालेले असतात. वर्गणी भरताना विद्यापीठ त्या पत्त्यांची यादी प्रकाशकाला देते. मागणी यादीतल्या पत्त्यावरून आली की प्रकाशकाचा संगणक लेख देतो. यादीबाहेरच्या पत्त्यावरून आली की पैसे मागतो.

म्हणजे प्रकाशक वाचकाला ओळखत नव्हता, तो फक्त आवाराला ओळखत होता. वसतिगृहाच्या फाटकातून आत आलेल्या प्रत्येकाला जेवण वाढावे, तशी ही पद्धत होती. ती सोपी होती आणि आवार उघडे होते तोवर बिनबोभाट चाललीही. घरी मात्र बहिणीच्या मोबाइलला मोबाइल कंपनीचा पत्ता मिळत होता आणि तोही अनेक ग्राहकांत वाटलेला. विद्यापीठाशी त्याचा काहीच संबंध नव्हता. ग्रंथालयाच्या लाकडी दाराला कुलूप लागले, तेव्हा ऑनलाइन दारही तिच्यापुरते बंद झाले, ते असे.

यावर दोन उपाय होते. पहिला मध्यस्थाचा. विद्यापीठात एक संगणक सतत चालू ठेवायचा. वाचकाने घरून आपले नाव आणि पासवर्ड देऊन त्या संगणकाशी जोडून घ्यायचे. मग तो संगणक वाचकाच्या वतीने प्रकाशकाकडे लेख मागतो. मागणी विद्यापीठाच्या पत्त्यावरून आलेली दिसते, म्हणून लेख मिळतो आणि मध्यस्थ तो घरी पोहोचवतो. याला प्रॉक्सी म्हणतात. प्रॉक्सी हजेरीचा अर्थ विद्यार्थ्यांना वेगळा समजावून सांगायला नको! फरक इतकाच, की येथे ती रीतसर आणि संमतीने लावली जाते.

दुसरा उपाय ओळखपत्राचा. एस.टी.चा सवलतीचा पास काढताना आगारातील कर्मचारी विद्यार्थ्याला ओळखत नसतो. तो महाविद्यालयाचे शिक्क्याचे बोनाफाइड प्रमाणपत्र मागतो आणि ते पाहून पास देतो. इंटरनेटवर हेच काही सेकंदांत घडते. वाचक प्रकाशकाच्या पानावर जातो आणि आपल्या विद्यापीठाचे नाव निवडतो. प्रकाशक त्याला विद्यापीठाच्या संगणकाकडे पाठवतो. तेथे वाचक नाव व पासवर्ड देतो. ते बरोबर असतील, तर विद्यापीठाचा संगणक 'हा आमचाच विद्यार्थी आहे' असा एक सांकेतिक शिक्का देऊन त्याला प्रकाशकाकडे परत पाठवतो. पासवर्ड विद्यापीठापाशीच राहतो, प्रकाशकाला तो कधीच कळत नाही. इन्फ्लिबनेटने भारतातील संस्थांसाठी अशी सामाईक व्यवस्था उभारली. तिचे नाव 'इन्फेड'. टाळेबंदीच्या काळात अनेक विद्यापीठांनी या व्यवस्थेचा आधार घेतला.

लहान महाविद्यालयाचे दार आधीच उघडे

आता धाकट्या भावाकडे वळू. मोठ्या विद्यापीठातल्या बहिणीला जे मिळेना, ते तालुक्यातल्या बी.ए.च्या विद्यार्थ्याला कोठून मिळणार, असे आपल्याला वाटेल. येथे मात्र उलटे घडू शकत होते.

महाविद्यालयांसाठी इन्फ्लिबनेटची 'एन-लिस्ट' ही योजना २०१० पासून होती. सहा हजारांहून अधिक नियतकालिके आणि जवळजवळ दोन लाख ई-पुस्तके तीत होती. खेड्यापाड्यांतील महाविद्यालयांना स्वतःचे ठरावीक आय.पी. पत्ते असतीलच, असे गृहीत धरता येत नव्हते. म्हणून या योजनेत पहिल्यापासून प्रत्येक वाचकाला वेगळे नाव आणि पासवर्ड देण्याची रीत ठेवली गेली. आवाराऐवजी माणसाला ओळखायचे, असे तिचे स्वरूप होते. त्यामुळे महाविद्यालय योजनेत असेल आणि ग्रंथपालांनी विद्यार्थ्याची नोंदणी केलेली असेल, तर टाळेबंदीच्या पहिल्या दिवशीही त्याला घरून वाचता येत होते. जी साधनांची उणीव समजली जात होती, तिच्यातूनच संकटात टिकणारी पद्धत तयार झाली होती.

पण या वाक्यातल्या दोन 'असेल'कडे दुर्लक्ष करून चालणार नाही. महाविद्यालय सभासद आहे, पण विद्यार्थ्याच्या हाती पासवर्डच पडलेला नाही, असे असेल तर ते दार असून नसल्यासारखे. टाळेबंदीत ग्रंथपालांचे खरे काम पुष्कळदा हेच होते, याद्या करून एकेका विद्यार्थ्यापर्यंत पासवर्ड पोहोचवणे.

कागदाचे पुस्तक का देता येईना?

भावाला इंग्रजी ई-पुस्तके दिसली. त्याला हवे होते ते अभ्यासक्रमातले मराठी पुस्तक. त्याच्या प्रती कपाटात होत्या, पण त्या देण्यात पहिली अडचण आरोग्याची होती. पुस्तक हातोहाती फिरते. त्यावर विषाणू किती काळ टिकतो? हे तपासण्यासाठी अमेरिकेत २०२० साली ग्रंथालयांसाठी प्रयोग झाले. सुट्या ठेवलेल्या पुस्तकांवर तीन दिवसांनंतर विषाणू आढळला नाही. पुस्तकांची थप्पी लावली, तेव्हा मात्र काही वेष्टनांवर तो सहा दिवसांनंतरही सापडला. म्हणून परत आलेली पुस्तके काही दिवस बाजूला ठेवण्याची पद्धत ठिकठिकाणी पडली. या रोगाचा प्रसार मुख्यतः हवेतून होतो आणि पृष्ठभागांवरून होणारा धोका फार कमी आहे, हे पुढे स्पष्ट झाले.

मग त्या पुस्तकाचे फोटो काढून पाठवायला काय हरकत होती? येथे दुसरी अडचण येते, ती कायद्याची. ग्रंथालय कागदाची प्रत विकत घेते, तेव्हा ती प्रत त्याच्या मालकीची होते. ती कोणालाही वाचायला देता येते. पण एका प्रतीच्या शंभर प्रती करण्याचा हक्क तिच्याबरोबर मिळत नाही. भारताच्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीने बिगरव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाला, स्वतःपाशी छापील प्रत असल्यास, जतनासाठी संगणकीय प्रत ठेवण्याची मुभा दिली आहे. ती सर्वांना वाटण्याची नव्हे. ई-पुस्तकाची तर बहुधा मालकीही मिळत नाही, ठरावीक मुदतीचा आणि अटींचा वाचण्याचा परवाना मिळतो.

हा पेच सगळ्या जगापुढे होता. अमेरिकेतील इंटरनेट अर्काइव्ह ही संस्था एका कागदी प्रतीमागे एका वेळी एकाच वाचकाला संगणकीय प्रत देत असे. त्याच २४ मार्च २०२० रोजी तिने ही मर्यादा उठवली आणि सुमारे १४ लाख पुस्तके एका वेळी कितीही वाचकांना खुली केली. १ जूनला चार मोठ्या प्रकाशकांनी तिच्यावर दावा लावला. १६ जूनला ती सोय बंद झाली. २०२३ साली न्यायालयाचा निकाल संस्थेच्या विरोधात गेला आणि २०२४ साली अपिलातही तो कायम राहिला. याउलट हाथीट्रस्ट या संस्थेने सभासद ग्रंथालयाच्या बंद कपाटात जितक्या प्रती असतील, तितक्याच वाचकांना एका वेळी प्रवेश दिला.

लेखक आणि प्रकाशक यांचे पोट पुस्तकावर असते, हे विसरून चालणार नाही. मराठी प्रकाशकांच्या आवृत्त्या लहान असतात. म्हणून 'सर्व काही फुकट करा' हे उत्तर आम्हाला पटत नाही. पण लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी त्याचे लेखन आपल्या देशात सर्वांचे होते. साने गुरुजींचे निधन १९५० साली झाले, म्हणजे त्यांचे लेखन २०११ पासून असे मुक्त आहे. मुक्त झालेली पुस्तके तरी विद्यार्थ्याला सहज मिळायला हवीत. ती तशी मिळतात का?

मराठी पुस्तक: चित्र की अक्षरे?

मुक्त झालेली अनेक जुनी मराठी पुस्तके इंटरनेटवर आहेत. पण त्यांतील पुष्कळशी चित्ररूपात आहेत. पानाचा फोटो आणि पानावरील मजकूर या संगणकाच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

युनिकोड या जागतिक पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला स्वतंत्र क्रमांक आहे. 'प्रकाश' हा शब्द आपल्याला तीन अक्षरांचा दिसतो. संगणक मात्र प, हलन्त, र, क, काना आणि श अशी सहा चिन्हे साठवतो. प्रत्येक चिन्हाला सामान्यतः तीन बाइट लागतात, म्हणून हा शब्द १८ बाइटांचा झाला. एका पानावर अशी २,००० चिन्हे धरली, तर पान ६,००० बाइटांचे आणि २०० पानांचे पुस्तक १२ लाख बाइटांचे, म्हणजे सव्वा मेगाबाइटच्या आत होते. त्याच पानाचा फोटो काढला, तर दाबून लहान केल्यावरही ते सहज दोन लाख बाइट घेते आणि २०० पानांचे ४ कोटी बाइट होतात.

आता बिलोलीतील मोबाइलकडे या. सिग्नल बरा असून सेकंदाला सव्वा लाख बाइट येत असतील, तर अक्षररूप पुस्तक दहा सेकंदांत उतरते. चित्ररूप पुस्तकाला सव्वापाच मिनिटे लागतात. सिग्नल मंदावला आणि वेग दहापट कमी झाला, तर पहिल्याला दीड मिनिटाच्या आसपास वेळ लागतो आणि दुसऱ्याला जवळजवळ पाऊण तास ते तासभर. शिवाय चित्रात शब्द शोधता येत नाही, अक्षर मोठे केले की ओळ पडद्याबाहेर जाते आणि अंध विद्यार्थ्याला ते यंत्राकडून वाचून घेता येत नाही.

चित्रातील अक्षरे संगणकाला ओळखायला लावता येतात. देवनागरीत जोडाक्षरे, काना-मात्रा आणि शिरोरेषा यांमुळे हे काम रोमन लिपीपेक्षा कठीण जाते. जुन्या छपाईत त्याहून अधिक. १९९० च्या दशकात आणि त्यानंतरही बराच काळ संगणकावर जुळवलेल्या मराठी पुस्तकांची अडचण निराळीच आहे. त्या वेळच्या अनेक फाँटमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असत. तो फाँट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की निरर्थक चिन्हे दिसतात. जुन्या प्रश्नपत्रिका उघडताना हा अनुभव बहुतेक शिक्षकांनी घेतला असेल. बिलोलीच्या परिसरात तेलुगू आणि उर्दूही बोलल्या जातात. त्या लिपींतल्या वाचकांपुढेही अशाच अडचणी आहेत.

मराठी विश्वकोशासारखा ग्रंथ अक्षररूपात मोफत उपलब्ध आहे, ही मोठीच सोय आहे. ती उच्च शिक्षणाच्या मराठी क्रमिक पुस्तकांपर्यंत पोहोचलेली नाही.

जागा कोठून आणायची?

राहिला आतेभाऊ. त्याला पुस्तकापेक्षा टेबल, दिवा आणि शांतता हवी होती. ती तारेवरून येत नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या आकडेवारीनुसार देशातील ग्रामीण कुटुंबांपैकी १४.९ टक्के कुटुंबांकडेच इंटरनेटची सोय होती आणि अवघ्या ४.४ टक्के कुटुंबांकडे संगणक होता. शहरात हेच आकडे ४२ आणि २३.४ टक्के होते. पुढे मोबाइलमुळे इंटरनेट पसरले. पण तीन वाचकांत एक मोबाइल असेल, तर ग्रंथालयही त्या तिघांत वाटले जाते. महाराष्ट्रात ग्रंथालये १५ ऑक्टोबर २०२० पासून उघडण्यास परवानगी मिळाली आणि २०२१ च्या दुसऱ्या लाटेत पुन्हा निर्बंध आले. या मधल्या काळात घरात एकांत नसलेल्या विद्यार्थ्यांचे जे नुकसान झाले, ते कोणत्याही पासवर्डने भरून निघण्यासारखे नव्हते.

आता काय करावे?

१ जानेवारी २०२५ पासून 'एक राष्ट्र, एक वर्गणी' ही योजना सुरू झाली आहे. केंद्र सरकारने तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये मंजूर केले असून ३० प्रकाशकांच्या सुमारे १३,००० पत्रिका तीत आहेत. व्यवस्था इन्फ्लिबनेटकडेच आहे. मात्र ही योजना शासनाच्या व्यवस्थापनाखालील संस्थांपासून सुरू झाली आहे आणि मराठवाड्यातील बहुसंख्य महाविद्यालये खाजगी शिक्षणसंस्थांची आहेत. म्हणून प्रत्येक शिक्षकाने आपल्या ग्रंथपालांना तीन प्रश्न विचारावेत, असे आम्ही सुचवतो. आपले महाविद्यालय कोणत्या योजनेत आहे? किती विद्यार्थ्यांच्या हाती आज पासवर्ड आहे? तो वापरून आवाराबाहेरून वाचता येते का? हे पुढच्या संकटाची वाट न पाहता आत्ताच तपासता येईल.

वर्गात एक छोटा प्रयोगही करता येईल. एक चित्ररूप आणि एक अक्षररूप मराठी फाइल घ्या. दोन्हींत 'प्रकाश' हा शब्द शोधायला सांगा, दोन्हींचा आकार बाइटांत लिहून घ्या आणि आपल्या गावातील वेगाने त्या उतरायला किती वेळ लागेल, याचे गणित विद्यार्थ्यांकडून करून घ्या. मग शाळेच्या जुन्या हस्तलिखित अंकातील एक पान त्यांना युनिकोडमध्ये टंकित करू द्या. शाळेच्या संग्रहातले निदान एक पान तरी त्यामुळे शोधता येण्याजोगे होईल. वर्षभरात अशी किती पाने होतात, तेही मोजून पाहावे.